जुनी इलेक्ट्रिक गिटार पारखताना

नव्या गिटारसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत जुनी घेतली, तर बहुतेक वेळा एक पायरी वरचं वाद्य हाती येतं. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत तर हे गणित चांगलंच जुळतं, कारण तिची बांधणीच टिकाऊ असते. ॲकूस्टिक गिटार आतून पोकळ. तारांच्या सततच्या ओढीने तिची वरची पातळ फळी वर्षानुवर्षं फुगत जाते. बहुतांश इलेक्ट्रिक गिटारी मात्र भरीव लाकडाच्या असतात. लिओ फेंडर यांनी १९५०-५१मध्ये बाजारात आणलेल्या टेलिकास्टरचा नेक चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेला होता. बिघडला तर तो काढून दुसरा बसवता येत असे. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही हीच पद्धत होती आणि आज शिकाऊ विद्यार्थ्यांच्या हातात दिसणाऱ्या अनेक गिटारी याच घराण्यातल्या आहेत. खुंट्या, ब्रिज, पिकअप, नॉब, जॅक असं जवळपास सगळं काही सुटं होतं आणि बदलता येतं.

म्हणून विकायला काढलेली गिटार समोर आली की प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा: ही झीज आहे की इजा? झीज म्हणजे वापराने आलेली खूण. ती दिसते, कधी थोडा खर्चही मागते, पण वाद्याच्या मुळावर येत नाही. इजा म्हणजे लाकडाला, जोडाला किंवा नेकच्या सरळपणाला झालेलं नुकसान. आयर्लंडचे रोरी गॅलहर यांनी १९६३मध्ये कॉर्क शहरातल्या दुकानातून सुमारे शंभर पौंडांना एक जुनी १९६१ची स्ट्रॅटोकास्टर घेतली आणि १९९५मध्ये निधन होईपर्यंत ती त्यांची मुख्य गिटार राहिली. तिचा बहुतेक रंग उडून लाकूड उघडं पडलं, फ्रेट आणि सुटे भाग बदलावे लागले, तरी ती वाजत राहिली. उलट, एकही ओरखडा नसलेली चकचकीत गिटार नेक पिळलेला असल्यामुळे निरुपयोगी असू शकते. फोटोत चमक दिसते, पीळ दिसत नाही. त्यासाठी वाद्य हातातच घ्यावं लागतं.

निघण्यापूर्वी

विक्रेत्याला भेटण्याआधी तेच मॉडेल आज नवं केवढ्याला मिळतं ते पाहून घ्या. जुन्या मालाचा भाव त्याच आकड्यावरून ठरतो. काही मॉडेलं मधल्या काळात बंद झालेली असतात, तर काही आयात गिटारींच्या किमती चढलेल्या असतात. त्यामुळे विक्रेत्याने मुळात किती मोजले, याला फारसा अर्थ नसतो.

मग फोटो मागवा. पुढून, मागून, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजू, नेक आणि बॉडीचा जोड, पहिल्या पाच फ्रेट जवळून, आणि सिरियल नंबर. प्रश्नही सरळ विचारा. पहिले मालक तुम्हीच का? गिटार कधी पडली होती का? हेडस्टॉकची दुरुस्ती झाली आहे का? पिकअप किंवा खुंट्या बदलल्या आहेत का, आणि मूळ भाग आहेत का? बिल आहे का? उत्तरं लेखी, म्हणजे मेसेजवर घेतलेली बरी. एरवी मोकळेपणाने बोलणारा माणूस हेडस्टॉकच्या प्रश्नाला बगल देत असेल, तर पाणी कुठेतरी मुरतंय असं समजावं.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत: ट्यूनर, स्वतःची केबल, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, कॅपो, छोटी टॉर्च आणि असेल तर मल्टिमीटर. केबल स्वतःचीच हवी, कारण खरखर ऐकू आली की ‘केबल खराब आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. शक्यतो दिवसा जा, आणि गिटार अँपला जोडून पाहता येईल अशाच ठिकाणी जा. स्वतःला वाजवता येत नसेल, पाल्यासाठी घेत असाल, तर त्याच्या शिक्षकांना किंवा वाजवणाऱ्या कुणाला तरी बरोबर न्या.

आधी नेक

रंग, पिकअप, ब्रँड हे सगळं नंतर. पहिली पाच मिनिटं नेकला द्या, कारण गिटारमधली सगळ्यात महागडी दुखणी इथेच असतात.

गिटार आडवी धरा, हेडस्टॉक डोळ्याजवळ आणा आणि एक डोळा मिटून बॉडीकडे नजर टाका. फ्रेटच्या टोकांची एक ओळ जाड तारेच्या कडेने जाते, दुसरी बारीक तारेच्या कडेने. दोन्ही ओळींचा बाक सारखाच दिसायला हवा. एक कड सरळ आणि दुसरी खाली झुकलेली दिसली तर नेक पिळलेला आहे. नेकच्या आतल्या ट्रस रॉडने पीळ निघत नाही. स्क्रूवाल्या गिटारचा नेक बदलता तरी येतो, पण चिकटवलेल्या नेकची अशी गिटार सोडून द्यावी हेच उत्तम.

आता बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर जाड तार दाबून धरा. ताणलेली तार आता सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तार आणि धातू यांच्यात किती फट उरते ते टॉर्चच्या उजेडात पाहा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट उत्तम. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल तर नेक पुढे झुकला आहे. फट अजिबात नसेल आणि तार मधल्या फ्रेटना टेकत असेल, तर तो मागे वाकला आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. नेकच्या आत बसवलेली पोलादी ट्रस रॉड याच कामासाठी असते. मात्र ती फिरते की नाही हे कळायलाच हवं. तुम्ही स्वतः किल्ली लावू नका. मालकाला पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. रॉडचा नट जाम असेल, त्याच्या कडा झिजून किल्ली निसटत असेल, किंवा तो पूर्ण आवळलेला असूनही बाक तसाच असेल, तर ती इजा समजा.

मग गिटार उलटी करून हेडस्टॉकच्या मागची बाजू पाहा. गिब्सन लेस पॉल, एसजी आणि त्याच धर्तीच्या एपिफोन गिटारींचं हेडस्टॉक मागे कललेलं असतं. गिब्सनच्या बहुतेक पारंपरिक मॉडेलांत १७ अंश. नेक बहुधा महोगनीचा असतो आणि तारा ज्याच्या खाचांतून जातात त्या नटच्या मागे, जिथे नेक सर्वांत बारीक, तिथेच ट्रस रॉडच्या नटसाठी लाकूड पोखरलेलं असतं. स्टँडवरून गिटार मागच्या मागे कोसळली की घाव तिथेच बसतो. फेंडरच्या गिटारींचं हेडस्टॉक नेकच्याच सपाटीत असतं, त्यामुळे त्यांच्यात हे दुखणं क्वचितच आढळतं. टॉर्च तिरकी धरा, नटपासून वर बोटाचं नख हळूच फिरवा. नख कुठे अडखळतं का? रंगाची झिलई एखाद्या पट्ट्यात वेगळी दिसते का? लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात का? मोडलेलं हेडस्टॉक चांगल्या कारागिराने नीट चिकटवलं असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं, अशा गिटारी वाजायलाही चांगल्या असतात. पण त्यांचा भाव मोठ्या फरकाने खाली असायला हवा, आणि ही गोष्ट विक्रेत्याने आपणहून सांगायला हवी. लपवलेला मोड सापडला तर फार बोलू नका, निरोप घ्या.

नेक आणि बॉडीच्या जोडाजवळ रंगाला बारीक तडे दिसतात. स्क्रूवाल्या गिटारींत नेक बसतो त्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी रेघ बहुधा रंगापुरतीच असते. नेक हलक्या हाताने डावी-उजवीकडे दाबून पाहा. रेघ उघडते-मिटते का, करकर येते का, तार बेसूर होते का? तसं झालं तर तडा लाकडात गेलेला असू शकतो किंवा स्क्रूंची पकड गेलेली असते.

फ्रेट: बोटांखालचा खर्च

बहुतेक गिटारींच्या फ्रेट तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या असतात. पोलादी तार त्यांच्यावर रोज घासते आणि खळगे पडतात, विशेषतः पहिल्या पाच फ्रेटवर, बारीक तारांखाली. सुरुवातीचे कॉर्ड तिथेच वाजतात. तार बाजूला सारून टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहिलं की खळग्यांची खोली कळते. फक्त चकचकीत चपटेपणा असेल तर तूर्त काही करायला नको. नखाला जाणवणारे खळगे असतील तर सगळ्या फ्रेट घासून एका पातळीत आणाव्या लागतात आणि त्यांचा माथा पुन्हा गोल करावा लागतो. नवी मध्यम उंचीची फ्रेट साधारण एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त उंच असते. प्रत्येक घासणीत ती कमी होते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की घासायला काही उरत नाही, सगळ्या फ्रेट नव्या बसवाव्या लागतात. स्वस्त गिटारच्या बाबतीत हा खर्च गिटारच्याच किमतीच्या जवळपास जाऊ शकतो. म्हणून जाण्याआधीच आपल्या भागातल्या दुरुस्ती करणाऱ्याला दोन्ही कामांचे दर विचारून ठेवा.

यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. बावीस फ्रेटच्या गिटारवर हे १३२ सूर होतात. थोडं कंटाळवाणं आहे, पण काही मिनिटांचंच काम आहे. मालकाला आधी सांगून ठेवा, म्हणजे दोघांनाही संकोच वाटत नाही. अँप बंद ठेवून वाजवा आणि तार कुठे झणझणते त्याची मनात नोंद करा. झणझण एकाच ठिकाणी असेल तर पुढची फ्रेट वर आलेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडे असेल तर नेकला बाक कमी आहे. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. तिन्हींवर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. अँप सुरू केल्यावर जी झणझण ऐकूच येत नाही, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

बेंडची परीक्षा अवश्य घ्या. बाराव्या फ्रेटपासून वर, बारीक दोन तारा एकेक सूर चढेल इतक्या ओढा आणि धरून ठेवा. सूर चढता चढता मध्येच विझला, तर वरच्या फ्रेट उंच आहेत किंवा तारा फारच खाली ठेवल्या आहेत. एक अपवाद लक्षात ठेवा: जुन्या धाटणीच्या फेंडर गिटारींचा फ्रेटबोर्ड जास्त गोलाईचा असतो, ७.२५ इंच त्रिज्येचा. तारा खूप खाली असतील तर तिथे सूर विझणं स्वाभाविक आहे. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावून पाहा. जाड तारेखाली सुमारे दोन आणि बारीक तारेखाली सुमारे दीड मिलिमीटर अंतर असताना ही परीक्षा पार पडली, तर फ्रेटविषयी निश्चिंत राहा.

हवामान आणि शिसवी

विकाऊ गिटार आजवर कुठे राहिली, हे विचारायला विसरू नका. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. धातू तसं करत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन तळव्याला टोचतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगतं, नेकचा बाक बदलतो, आणि खाऱ्या हवेने ब्रिजचे स्क्रू गंजतात. उत्पादक साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सुचवतात. आपल्याकडे वर्षभर ती राखणं अवघड आहे, पण गिटार केसमध्ये ठेवल्याने बराच फरक पडतो. टोचणारी टोकं कानस फिरवून तासाभरात गुळगुळीत करता येतात. ही झीजच आहे. नागपूरहून मुंबईत आणलेली गिटार मात्र लगेच सेटअपला, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवायला, देऊ नका. आठवडाभर नव्या हवेत राहू द्या, नेक स्थिरावला की मग काम करून घ्या.

फ्रेटबोर्डच्या लाकडाशी तर आपलं जवळचं नातं आहे. सह्याद्रीच्या जंगलांत वाढणारी शिसवी जगभर ‘इंडियन रोझवूड’ या नावाने फ्रेटबोर्डसाठी वापरली जाते. जानेवारी २०१७पासून शिसवीच्या कुळातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे निर्बंध आले. नोव्हेंबर २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक गिटारींवर शिसवीऐवजी पाउ फेरो हे लाकूड वापरलं. त्या वर्षांतली गिटार पाहताना फ्रेटबोर्ड थोडा फिकट, तांबूस दिसला तर नकली म्हणून शंका घेऊ नका. शिसवी कोरडी पडून करडी दिसत असेल तर फ्रेटबोर्डसाठीच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. मेपलच्या लाखबंद फ्रेटबोर्डला मात्र तेल लावायचं नसतं.

खुंट्या, नट, ब्रिज

गिटार सुरात लावा, दोन मिनिटं जोरात वाजवा, बेंड घ्या आणि ट्यूनर पुन्हा पाहा. तार दरवेळी उतरत असेल तर लगेच खुंट्यांना दोष देऊ नका. सुरात लावताना नटजवळ ‘टिंग’ असा आवाज येत असेल, तर तार खाचेत अडकते आहे आणि खाच साफ केली की प्रश्न सुटतो. खुंटी दोन्ही दिशांना फिरवताना मध्ये पोकळ वाटत असेल, तर मात्र तिचे दाते झिजलेत. संपूर्ण संच बदलता येतो.

बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही सूर जुळायला हवेत. तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर ही परीक्षा फसवी ठरते. म्हणून दोष दिसला तर ब्रिजवरचे सॅडल पाहा. त्यांना पुढे-मागे सरकायला जागा असेल तर नव्या तारा लावून सूर जुळवता येतात. सॅडल आधीच टोकाला जाऊन बसला असेल आणि तरी सूर चढाच असेल, तर दुखणं खोल आहे.

ट्रेमोलो असेल तर दांडा दाबून सोडा, वर ओढून सोडा आणि प्रत्येक वेळी सूर जागेवर परततो का ते पाहा. फ्लॉइड रोज प्रकारच्या ब्रिजचा सगळा भार दोन धारदार कडांवर तोललेला असतो. त्या कडा बोथट झाल्या किंवा त्यांना पेलणारे खांब लाकडात हलू लागले, की सूर टिकत नाही. पहिलीच गिटार घेणाऱ्यांनी स्थिर ब्रिजची घ्यावी, हा माझा ठाम सल्ला आहे. फ्लॉइड रोजवर एक तार बदलायची तरी सगळं संतुलन पुन्हा साधावं लागतं, आणि नवशिक्याचा वेळ त्यातच जातो.

विजेचा भाग

आता अँप सुरू करा. पिकअप स्विच प्रत्येक जागी नेऊन वाजवा, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, जॅकमधला प्लग हलवून पाहा. नॉब फिरवताना येणारी खरखर बहुधा आतल्या धुळीची असते आणि काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. जॅक सैल असेल तर तो बदलणं हे गिटारमधलं सगळ्यात स्वस्त काम आहे. एखादा पिकअप पूर्ण गप्प असेल तर मल्टिमीटर काढा. केबल गिटारला जोडा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि दुसऱ्या प्लगच्या टोकाला व मागच्या दांड्याला मल्टिमीटरच्या तारा लावा. स्ट्रॅटोकास्टरच्या सिंगल कॉइल पिकअपला साधारण साडेपाच ते सात किलोओहम आणि जुन्या पद्धतीच्या हंबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, सात ते नऊच्या आसपास आकडा दिसतो. जास्त जोरकस पिकअपचा आणखी मोठा असतो. आकडाच येत नसेल तर आतली तार किंवा एखादा टाका तुटला आहे. आकडा मोठा म्हणजे पिकअप चांगला, असा मात्र अर्थ काढू नका.

सिंगल कॉइल पिकअप गुणगुणणारच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तीच गुणगुण त्यातून ऐकू येते. ती घालवण्यासाठीच सेठ लव्हर यांनी १९५५मध्ये गिब्सनसाठी दोन कॉइलचा हंबकर तयार केला. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे; वाढली तर आतल्या जोडणीत चूक आहे. ही परीक्षा मॉनिटर, ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून दूर उभं राहून घ्या.

इथे सुरक्षिततेचा मुद्दा आहे आणि तो गांभीर्याने घ्या. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या खटपटीने लावला असेल, तर बिघाडाच्या वेळी वीज वाजवणाऱ्याच्या हातांपर्यंत पोहोचू शकते. तारांना हात लावताना झिणझिण्या जाणवल्या की त्या क्षणी थांबा, अँपचा प्लग काढा. दोष बहुधा गिटारचा नसून वायरिंगचा किंवा अँपचा असतो, पण अशा जागी पुढची परीक्षा घेऊ नका.

खरी, नकली आणि जुळवलेली

महागड्या नावांच्या नकला बाजारात आहेत. सिरियल नंबर वाचायला शिकणं ही पहिली चाळणी. फेंडरच्या नंबरातलं पहिलं अक्षर दशक सांगतं: ‘ई’ म्हणजे १९८०चं, ‘एन’ म्हणजे १९९०चं, ‘झेड’ म्हणजे २०००चं. मेक्सिकोत बनलेल्या गिटारींवर त्याआधी ‘एम’ येतो. ‘एमझेड ५’ने सुरू होणारा नंबर म्हणजे मेक्सिको, २००५. गिब्सनने १९७७ ते २००५ या काळात मुख्यतः आठ आकडी नंबर वापरला. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं. पण नंबरही नकलता येतो, म्हणून बारकावे पाहा. गिब्सनच्या ट्रस रॉडवरचं घंटेच्या आकाराचं झाकण दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं. नकली गिटारींवर अनेकदा तीन दिसतात. एपिफोन आणि स्क्वायर या नकला नव्हेत. त्या अनुक्रमे गिब्सन आणि फेंडर यांच्याच मालकीच्या नाममुद्रा आहेत. स्क्वायरच्या नेकवर फेंडरचा स्टिकर लावून जास्त पैसे मागणं मात्र फसवणूक आहे.

वेगवेगळ्या गिटारींचे भाग जुळवून केलेली गिटार कमअस्सल असते असंही नाही. एरिक क्लॅप्टन यांनी १९७०मध्ये नॅशव्हिलमधून घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरपैकी तीन गिटारींचे उत्तम भाग निवडून ‘ब्लॅकी’ तयार करवून घेतली. ती २००४च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली. जुळवलेली गिटार जुळवलेली म्हणूनच विकली जावी, इतकंच.

तीन याद्या आणि एक भाव

तपासणी झाली की मनातल्या नोंदी तीन याद्यांत मांडा.

पहिली, सोडून देण्याच्या गोष्टी: ओरखडे, टवके, पट्ट्याच्या बकलने घासलेली पाठ, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक, रंगावरचं बारीक जाळं.

दुसरी, भावात धरायच्या गोष्टी: फ्रेटचे खळगे, झिजलेला नट, पोकळ खुंट्या, गंजलेले सॅडल, खरखर, बंद पिकअप. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलेला खरा आकडा मालकासमोर ठेवा आणि तेवढाच कमी करायला सांगा. हवेतली घासाघीस दोघांनाही त्रासदायक होते. बदललेले महाग भाग किमतीत फारशी भर घालत नाहीत. मूळ भाग सोबत मिळत असतील तर त्यांचं मोल जास्त.

तिसरी, परत फिरण्याच्या गोष्टी: पिळलेला नेक, जाम ट्रस रॉड, लपवलेला मोड, लाकडातला तडा, खोटं नाव, खरवडलेला सिरियल नंबर.

खरवडलेला नंबर म्हणजे चोरीचा संशय. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे. बिल नसेल तर साध्या कागदावर विक्रेत्याचं नाव, तारीख, मॉडेल, सिरियल नंबर आणि रक्कम लिहून सही घ्या. गिटार हातात येण्याआधी ‘टोकन’ पाठवू नका. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: यूपीआयने पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढतो आहे.

घरी आणल्यावर नव्या तारा लावा आणि एकदा सेटअप करून घ्या: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर, याच क्रमाने. हा खर्च पहिल्यापासून गिटारच्या किमतीतच धरून चाला.

विकणाऱ्यांसाठी

‘उत्तम स्थितीत’ या दोन शब्दांतून खरेदीदाराला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: “यामाहा पॅसिफिका ११२, काळी. मी दुसरा मालक, तीन वर्षं घरातच वाजवली. नेक सरळ, ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरते. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली हलके खळगे, झणझण नाही. टोन नॉब खरखरतो. पाठीवर नाण्याएवढा टवका, फोटो जोडला आहे. जॅक बदललेला, बाकी सगळं मूळ. बॅग सोबत, बिल नाही. घरी येऊन अँपवर वाजवून पाहा.” अशी जाहिरात वाचून येणारा माणूस घ्यायच्या तयारीने येतो आणि दारात उभं राहून भाव पाडायला त्याच्याकडे फारसं निमित्त उरत नाही.

दोष सांगण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुनी गिटार घेणारा अनेकदा शाळा-कॉलेजातला नवशिका असतो. तारा प्रमाणाबाहेर उंच असतील, बाराव्या फ्रेटनंतर सूर जुळत नसेल, तर दोष वाद्याचा आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. बोटं दुखली, कॉर्ड बेसूर वाजला, की आपल्याला हे जमणार नाही असं तो स्वतःविषयी ठरवतो आणि दोन महिन्यांत शिकणं सोडतो. म्हणून विकण्याआधी नव्या तारा लावा, शक्य असेल तर सेटअप करून द्या, आणि ते होणार नसेल तर निदान कोणतं काम करून घ्यायचं हे त्याला लिहून द्या.